बिनबंदुकीचे गजभिये

रायफलच्या ड्रम मॅगझिनबद्दल मला जे काही कळतं, ते सगळं मी बुकित बातोकमधल्या एका स्वयंपाकघरात, दुसऱ्याच्या घरच्या गरम पोळ्या खात शिकले. तेही सिंगापुरात, जिथं बंदुकीचा सुटा भाग जरी घरात सापडला तरी माणूस थेट तुरुंगाच्या दारात उभा राहतो. आणि शिकवणाऱ्या गृहस्थांनी स्वतः जन्मात एक गोळी झाडलेली नव्हती.

हे गृहस्थ म्हणजे आमचे शेजारी सुधाकर गजभिये. आमच्याच मजल्यावर, लिफ्टपलीकडचं तिसरं दार. मूळचे नागपूरचे. तरुणपणी तिकडच्या एका शस्त्रास्त्र कारखान्यात स्प्रिंगा वळायच्या विभागात काही वर्षं होते. पुढे कुणाच्या तरी ओळखीनं सिंगापूरला आले आणि आमच्या ब्लॉकपासून दहा मिनिटांवरच्या एका छोट्या कारखान्यात स्प्रिंगांचे इंजिनियर झाले. तिथं इस्पितळातल्या खाटा, प्रिंटर, बाबागाड्या अशा निरुपद्रवी वस्तूंच्या स्प्रिंगा होत. मी पुण्याची, तांजोंग पगारमधल्या एका फायनान्स कंपनीत कम्प्लायन्सला आहे. म्हणजे लोक नियम पाळतात की नाही हे बघण्याचा मला पगार मिळतो. ही माहिती लक्षात ठेवावी, कारण पुढे माझी शोभा होणार आहे.

गजभिये पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा चहा यायच्या आत त्यांनी आमचा सोफा दाबून बघितला. तीन ठिकाणी, डोळे मिटून. मग माझ्या नवऱ्याचं, निखिलचं, टेबलावरचं पेन उचललं, तीनदा टकटक केलं आणि म्हणाले, "हे दिवाळीपर्यंत चालते." ते पेन निखिलला ऑफिसात दहा वर्षं पूर्ण केल्याबद्दल समारंभपूर्वक मिळालेलं होतं. ते कोजागिरीलाच गेलं. आपला अंदाज पंधरा दिवसांनी चुकला म्हणून गजभिये पुढचा आठवडाभर हळहळत होते. निखिलच्या पेनाबद्दल त्यांना काडीचंही वाईट वाटलं नाही.

आता ड्रम मॅगझिन म्हणजे काय ते सांगायला हवं. रायफलला खालून गोळ्यांची पेटी लावतात. ती साधारण चपटी असते आणि तिच्यात तीसेक गोळ्या मावतात. काही हौशी मंडळींचं तेवढ्यात भागत नाही. त्यांच्यासाठी एक गोल पेटी मिळते, पन्नास नाहीतर शंभर गोळ्यांची. तिच्या आत घड्याळात असते तशी गुंडाळलेली स्प्रिंग असते आणि ती गोळ्या पुढं ढकलत राहते. निदान ढकलत राहावी अशी अपेक्षा असते. पुष्कळदा ती अडते. अडली की तिचा मालक अमेरिकेतल्या कुठल्यातरी गॅरेजात बसून इंटरनेटवर गळा काढतो.

एका रविवारी खाटेच्या स्प्रिंगबद्दल काहीतरी शोधता शोधता गजभिये अशाच एका फोरमवर जाऊन पोचले. तिथं 'मालकांचे अनुभव' अशा मथळ्याखाली शेकडो पानं होती. त्यांनी ती सगळी वाचली. "मेधाताई," ते मला म्हणाले, "इतकं दुःख एका जागी मी कधी पाहिलं नाही बाप्पा."

तेव्हापासून त्या घरातला संध्याकाळचा कार्यक्रम ठरून गेला. शालूवहिनी, म्हणजे त्यांची बायको, पोळ्या लाटत आणि हे टेबलाशी लॅपटॉप उघडून ते अमेरिकन रडगाणं नागपुरीत वाचून दाखवत. मी ऑफिसातून येताना वासानंच त्यांच्या दाराशी थबकायची, त्यामुळे श्रोत्यांत माझीही जागा कायम होती.

"ऐक शालू. हा टेक्सासचा भाऊ म्हणते, दोन घेतले. एक चांगला चालून राहिला, दुसरा सातव्या गोळीलेच अडते. बायको म्हणते परत कर."

"बायको बरोबर म्हणते."

"आता हा ओहायोचा. हा म्हणते, पहिल्या दिवशी एकदम मक्खन. मग वर्षभर गच्च भरून कपाटात ठेवला, आता खडखड वाजून राहिला."

"वर्षभर गच्च भरून ठेवलं तर माणूसही वाजेल," वहिनी तव्यावरची पोळी उलटत म्हणाल्या.

"हेच! हेच लिहितो त्याले."

आणि खरोखर लिहीत. फोरमवर त्यांचं नाव 'स्प्रिंग अंकल' होतं. आठ वर्षांत तिथं त्यांचा असा काही दबदबा झाला की कुणी नवा मालक रडत आला की जुने त्याला सांगत, थांब, अंकलला येऊ दे. अंकल आधी चार प्रश्न विचारत. किती भरला होता, किती दिवस भरून ठेवला होता, कुठं ठेवला होता आणि खरं सांग. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण गजभियांचा सिद्धांत असा की स्प्रिंग खोटं बोलत नाही, मालक बोलतो. पेटीवर पन्नास लिहिलं असेल तर माणूस एक्कावन्नावी कोंबतो, आणि मग कंपनीला शिव्या घालतो. हा सिद्धांत ते पुढे कशालाही लावत. सकाळची एमआरटी मेट्रो, माझा फ्रीज, नागपूरला न्यायची बॅग, समोरच्या घरातल्या पोराच्या ट्यूशन. "एक्कावन्नावी कोंबून राहिले," एवढंच म्हणत आणि मान हलवत.

लोक विचारत, अंकल, तुमच्याकडे कुठली रायफल आहे? गजभिये प्रामाणिकपणे लिहीत की माझ्याकडे भाजी चिरायचा एक चाकू आहे, तोही बायकोचा. हे वाक्य मालकवर्गाला भलतंच आवडलं. हा माणूस कुठल्यातरी डोंगरात चाळीस रायफली घेऊन राहतो आणि स्वभावानं नम्र आहे, अशी सर्वांची ठाम समजूत झाली. प्रत्येक उत्तराच्या शेवटी ते दोन वाक्यं न चुकता जोडत. इतक्या गोळ्या लागतातच कशाला? तब्येत सांभाळा.

मी कम्प्लायन्सवाली असल्यामुळे साहजिकच घाबरून असायची. "हे वाचलेलं तरी चालतं का इथं?" असं मी दर महिन्याला विचारायची. "वाचणं चालते, ठेवणं नाही चालत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एकदा मात्र मी जरा तिखट बोलून गेले. अमेरिकेतल्या एका गोळीबाराची बातमी टीव्हीवर चालू होती आणि मी म्हटलं, "तुम्ही दुरुस्त करून दिलेला ड्रम उद्या कुणी असा वापरला तर? पंचशील घेतलेला माणूस ना तुम्ही?" गजभियांनी लॅपटॉप मिटला. पुढचे तीन आठवडे त्यांच्याकडे नुसत्या पोळ्या झाल्या, वाचन झालं नाही. मग पुन्हा सुरू झालं, पण तेव्हापासून ते कुणाचंच काही दुरुस्त करून देईनात. कुणी काहीही विचारो, उत्तर एकच. रिकामा करा, कपाटात ठेवा, बाहेर फिरून या. गंमत म्हणजे त्यानंही त्यांचे चाहते वाढलेच. मी त्यांची कधी माफी मागितली नाही आणि त्यांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या चाहत्यांपैकी एक होता डेल. ॲरिझोनाचा, सत्तरीचा, निवृत्त. त्याच्या ड्रमची तक्रार केव्हाच मागे पडली होती, आता नुसत्या गप्पा चालत. गुडघे, टोमॅटोची रोपं, सरकार. मग त्याची बायको वारली. त्यानं लिहिलं की घरात आता दोन माणसांची भांडी आहेत आणि जेवणारा मी एकटा. हे वाक्य गजभियांनी दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नागपूरहून आलेली संत्रा बर्फी, सबंध, वहिनींच्या पोळ्यांच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात भरली आणि डेलला पोस्टानं पाठवून दिली.

"प्लास्टिकच्या डब्यात नव्हती का पाठवता येत?" वहिनींनी विचारलं. तो डबा त्यांच्या आईनं दिलेला होता.

"शोकाच्या घरी प्लास्टिक पाठवतात काय?"

"आणि माझा डबा?"

"येईल ना परत. आणि रिकामा नाही येणार. मी लिहिलं आहे तसं."

खरंच लिहिलं होतं. सोबतच्या कार्डावर, सुवाच्य अक्षरात, की आमच्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, चार दाणे साखर तरी घालतात. खाली स्वतःचं नाव, ब्लॉक नंबर, फ्लॅट नंबर, सगळं. सिंगापूर-ॲरिझोना हा शेजार कुठून आला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "रोज बोलतो तो शेजारी. तुमच्या वरच्या मजल्यावर कोण राहते, सांगा बरं?" त्या घराच्या दारावरची पाटीसुद्धा मी कधी वाचली नव्हती.

सात महिने डबा आला नाही. या सात महिन्यांत वहिनींनी तो विषय जेवणात मिठासारखा रोज वापरला. दरम्यान त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं. ती नागपूरला कॉलेजात शिकवायची. हॉल ठरला, तिकिटं काढली, आणि लग्नाला पाच आठवडे असताना एका शनिवारी सकाळी गजभियांनी आमची बेल वाजवली. दारात उभे होते आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले होते.

"मेधाताई, जरा या. मी हात नाही लावला."

त्यांच्या डायनिंग टेबलावर पोळ्यांचा डबा होता, झाकण बाजूला. डबा आला म्हणून वहिनींनी आनंदानं उघडला होता आणि आता त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. आत वर्तमानपत्राच्या बोळ्यांत नीट बसवलेली एक काळी, गोल, जड वस्तू होती. मी ती कधी पाहिली नव्हती, तरी बघताक्षणी ओळखली. वर चिठ्ठी होती. 'अंकल, डबा रिकामा नाही. हा माझा जुना ड्रम. कधीच नीट चालला नाही. तुमच्यापेक्षा जास्त प्रेमानं याच्याकडे कुणी बघणार नाही.'

सीमेपार कसा आला कुणास ठाऊक. पाकिटावर 'किचनचा डबा' असं लिहिलेलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

आता माझी शोभा. वर्षातून दोनदा मी नव्या लोकांना तासभर व्याख्यान देते की शंका आली तर लपवू नका, ताबडतोब कळवा. त्या सकाळी माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "कचऱ्याच्या शूटमध्ये टाका. आत्ता. कुणाला कळणार नाही." आणि मी ते पटवून द्यायला लागले. पोलिसांना सांगितलं तर चौकशी होईल, पासपोर्ट ठेवून घेतील, लग्न हुकेल, इथला कामाचा पास जाईल. एकुलती एक मुलगी आहे, गजभिये. टाका.

गजभिये म्हणाले, "खाली शफिक असते."

शफिक म्हणजे आमच्या ब्लॉकच्या शूटमधून, म्हणजे सगळ्या मजल्यांच्या कचऱ्याच्या नळकांड्यातून, खाली पडलेला कचरा रोज सकाळी उपसणारा बांगलादेशी सफाईवाला.

"त्याच्या हाती लागला तर त्याले कोण विचारेल, कुठून आला म्हणून? त्याचं परमिट जाईल, कदाचित तो आतही जाईल. आणि मी नागपुरात जिलबी वाढून घेईन?"

त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली आणि ती अजून गेलेली नाही. वहिनींनी काय करावं? त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि फोन आणून नवऱ्याच्या हातात दिला. गजभियांनी पोलिसांना फोन लावला आणि शांतपणे सांगितलं की माझ्या घरी चपातीच्या डब्यात बंदुकीचा एक भाग आहे.

पोलीस लवकर आले आणि अतिशय सभ्यपणे वागले. त्यातला एक तरुण चिनी अधिकारी हातमोजे घालून डब्याशी गेला.

"अंकल, धिस वन युअर्स, इज इट?"

"बॉक्स इज माइन. इनसाइड इज नॉट माइन."

आठ वर्षं गजभियांनी या वस्तूच्या शेकडो मालकांचं ऐकलं होतं. आज ती त्यांच्या स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर होती, दोन हातांवर, आणि त्यांना तिला बोट लावता येत नव्हतं. पाठीमागे धरलेल्या हातांची बोटं नुसती चुळबुळ करत होती. अधिकाऱ्यानं तो ड्रम उचलला तेव्हा आत काहीतरी खडखडलं. झालं. गजभिये मान तिरकी करून म्हणाले, "सर, स्प्रिंग इज नॉट प्रॉब्लेम. ओनर इज प्रॉब्लेम. ओव्हरफिल्ड."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. अधिकारी थांबला. "अंकल, हाऊ कम यू नो सो मच?"

"आय रीड, सर. एट इयर्स."

"अंकल, बेटर यू डोंट टॉक एनीमोर, कॅन?"

"कॅन," गजभिये म्हणाले.

मग लॅपटॉप गेला, चिठ्ठी गेली, पासपोर्ट गेला. डबाही पुरावा म्हणून गेला. वहिनींनी विचारून बघितलं, "बॉक्स ओन्ली, आय कॅन कीप?" "आँटी, कॅनॉट लाह," तो मुलगा म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच वाईट वाटल्यासारखं दिसलं.

पुढचे पाच आठवडे गजभियांना चौकशीला बोलावणं येत राहिलं. ते दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालून जात. समोरच्या साहेबांच्या खुर्चीची स्प्रिंग गेलेली आहे, हे त्यांना पहिल्या मिनिटाला कळलं होतं आणि तीन भेटींत ते त्याबद्दल एकदाही बोलले नाहीत. त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं मौन असावं. नागपुरात बातमी पोचायला वेळ लागला नाही. व्याह्यांनी फोन करून विचारलं, "गजभियेसाहेब, लोक म्हणतात तोफ सापडली?" गजभियांनी त्यांना पहिल्यापासून सगळं खरं सांगितलं, बर्फीसकट. पल्लवी म्हणाली, तारीख पुढे ढकलू. गजभिये नको म्हणाले. तारीख हलवली तर लोकांना वाटेल खरंच काहीतरी केलं असेल. आणि रोज सकाळी टपालपेटी बघून येत, पासपोर्टबद्दल काही आलं का म्हणून.

मधेच त्यांनी अधिकाऱ्याची परवानगी मागितली, एक ओळ लिहायची. मी म्हटलं, आता तरी गप्प बसा. म्हणाले, "माणूस वाट पाहत असेल." परवानगी मिळाली. माझ्या फोनवरून त्यांनी फोरमवर लिहिलं, 'डेल, डबा पोचला. रिकामा नव्हता. धन्यवाद.' आणि खातं बंद करून टाकलं. डेलला काय झालं हे अजून ठाऊक नसेल.

वहिनी एकट्या नागपूरला गेल्या. पासपोर्ट आला तो लग्नानंतर नवव्या दिवशी, सक्त ताकिदीच्या पत्रासह. पुढच्या वर्षी त्यांच्या पासची मुदत संपली आणि ते दोघं कायमचे परत गेले. ते निघाले त्या दुपारी मी तांजोंग पगारला नव्या लोकांना माझं व्याख्यान देत होते, त्यामुळे निरोप द्यायला घरी नव्हते. मधलं वर्षभर ते दिसत राहिले होते, तरी आता गजभिये म्हटलं की मला आठवतो तो लग्नाचा रविवारच.

नागपुरात साडेअकरा, आमच्याकडे दोन. घरात ते एकटेच, म्हणून निखिल आणि मी गेलो. गजभिये पांढरा कुडता-पायजमा घालून तयार होते. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता. पडद्यावर फुलं, गर्दी, कुणाच्या तरी खांद्यांमागे अर्धी पल्लवी. वंदना सुरू झाली तेव्हा ते हात जोडून उभे राहिले आणि तिथल्या लोकांबरोबर मोठ्यानं म्हणू लागले. आवाज इकडून तिकडे पोचायला जरा वेळ लागत असावा, कारण सगळे थांबल्यावर यांचा शेवटचा शब्द तिथल्या स्पीकरवर एकट्याचाच ऐकू आला. काही लोकांनी वळून बघितलं. आम्हाला दोघांना शब्द येत नव्हते, आम्ही नुसते हात जोडून मागे उभे होतो.

हार घालून झाले. दोघंजण मोठ्यांच्या पाया पडायला लागले, आणि मग फोन कुणीतरी उचलला आणि पडदाभर पल्लवीचा चेहरा आला.

"बाबा, पाय दाखवा."

"काय?"

"पाय. फोन खाली धरा ना."

गजभियांनी चपला काढून बाजूला सरकवल्या. मग फोन दोन्ही हातांत धरून वाकले आणि स्वतःच्या पायांपुढे तो धरला. तिकडे पल्लवी काय करत होती ते आम्हाला दिसत नव्हतं, आणि त्यांनाही दिसत नव्हतं. बांगड्यांचा आवाज तेवढा आला.

"झालं बाबा. उठा आता."

ते उठले नाहीत.

"बाबा? नेटवर्क गेलं का?"

"आहे," गजभिये म्हणाले. "नेटवर्क आहे. तू हात तसाच धर अजून थोडा वेळ."